शिंदखेड्याचें ऊन आणि पेरोव्स्काइटचा पापुद्रा

धुळें जिल्ह्यांतील शिंदखेडें तालुक्यांत पाऊस जितका बेभरंवशाचा, तितकेंच ऊन खात्रीचें. त्या उन्हाचें पीक घेण्याचे बेत अलीकडे बरेच झाले आहेत. पण जमिनीची किंमत कांहींना फार जड गेली. याच तालुक्यांतील विखरण गांवचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांची जमीन वीजप्रकल्पासाठीं संपादन झाली. योग्य मोबदल्यासाठीं हेलपाटे घालून थकल्यावर त्यांनीं २२ जानेवारी २०१८ रोजीं मुंबईस मंत्रालयांत विष घेतलें व २८ जानेवारीस त्यांचा अंत झाला. सौरविजेच्या एका मेगावॉटास सामान्यतः चार ते पांच एकर जमीन लागते. तेव्हां तेवढ्याच जमिनींतून अधिक वीज कशी निघेल, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा राहत नाहीं.

आज बाजारांत मिळणाऱ्या बहुतेक सौर तावदानांत सिलिकॉन असतें. चांगल्या प्रतीचें तावदान अंगावर पडलेल्या उन्हापैकीं सुमारें २२ टक्क्यांची वीज करतें, आणि एकट्या सिलिकॉनकडून याहून फार मोठी अपेक्षा करतां येत नाहीं. म्हणून त्याच्यावर दुसऱ्या पदार्थाचा पातळ थर द्यावा, वरच्यानें निळाहिरवा प्रकाश टिपावा आणि तांबडा खालच्यास सोडावा, अशी युक्ति निघाली. तो दुसरा पदार्थ म्हणजे पेरोव्स्काइट. या नांवाचें मूळ खनिज १८३९ सालीं उरल पर्वतांतून आलेल्या नमुन्यांत गुस्टाव्ह रोझ या जर्मन शास्त्रज्ञास सांपडलें, व पेरोव्स्की नांवाच्या रशियन सरदारावरून त्याचें बारसें झालें. आपल्या कामाचा पदार्थ तो नव्हे. स्फटिकांची ठेवण मात्र तीच, आणि घटक शिसें, आयोडीन वगैरे. २००९ सालीं जपानांत मियासाका यांनीं त्यापासून प्रथम वीज काढली, तेव्हां कार्यक्षमता चार टक्केही नव्हती. आज लहान तुकड्यांत ती २६ टक्क्यांच्या पुढें गेली आहे. मुंबईच्या आय. आय. टी.मध्यें प्रा. दिनेश काब्रा यांच्या मंडळींनीं सिलिकॉन व पेरोव्स्काइट यांची जोडी करून सुमारें ३० टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे. बाविसाच्या जागीं तीस झाले तर तितक्याच विजेस चौथाईहून अधिक जमीन कमी लागेल.

परंतु मेख येथेंच आहे. हे आंकडे नखाएवढ्या किंवा फार तर टिचभर तुकड्यांचे आहेत. प्रयोगशाळेंत इंच-दोन इंचांच्या कांचेवर द्रावणाचे थेंब टाकून ती मिनिटास कित्येक हजार फेऱ्यांच्या वेगानें गरगर फिरवितात. द्रावण चहूंकडे सारखें पसरतें, बहुतेक उडून वाया जातें, आणि फिरतां फिरतांच नेमक्या क्षणीं दुसऱ्या एका द्रवाचा शिडकावा केला कीं स्फटिक एकदम धरतात. तो क्षण चुकला तर सारें फसलें. पुरुषभर उंचीचें तावदान असें गरगर फिरवावयाचें कसें?

खानदेशांतील गृहिणींस ही अडचण समजावून सांगावयास नको. पुरी कोणीही लाटील. पण पुरणाचा मांडा हातांवर झेलीत वाढवून उपड्या खापरावर पसरावयाचा आणि त्यास कोठेंही भोंक पडूं द्यावयाचें नाहीं, याला वर्षांचा हात लागतो. येथें तर पापुद्रा अर्ध्या मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्शाहूनही पातळ! कारखान्यांत यासाठीं अरुंद फटींतून द्रावण सोडीत ती फट कांचेवरून संथपणें सरकवितात व मागोमाग वाऱ्याच्या झोतानें किंवा निर्वात पेटींत तें झपाट्यानें वाळवितात. एक कडा आधीं वाळली व दुसरी मागून, तर दोहींकडचे स्फटिक निराळे होतात; मध्यें सूक्ष्म छिद्र राहिलें तर तेथून वीज गळते. दुसरी रीत निर्वातांत पदार्थ तापवून त्याची वाफ कांचेवर बसविण्याची. थर एकसारखा येतो, पण काम संथ आणि यंत्रें महाग. ऑक्सफर्ड पी. व्ही. या कंपनीनें २०२४ सालीं जोडथराचीं तावदानें प्रथमच गिऱ्हाइकास धाडलीं. त्यांची कार्यक्षमता साडेचोवीस टक्के होती. लहान तुकड्याच्या कीर्तीपुढें हा आंकडा किरकोळ वाटेल, पण मला तोच अधिक मोलाचा वाटतो, कारण तो विकल्या गेलेल्या मालाचा आहे.

टिकाऊपणाची परीक्षा याहूनही कठीण. ८५ अंश उष्णता व ८५ टक्के दमट हवा यांत एक हजार तास काढणें ही सर्वमान्य कसोटी आहे. सिलिकॉनचे विक्रेते पंचवीस वर्षांची हमी देतात. पेरोव्स्काइटास ओल सोसत नाहीं, आणि वैशाखांत शिंदखेड्याच्या माळावर तावदान पासष्ट अंशांवर सहज तापतें. शिवाय त्यांत शिसें आहे. चौरस मीटरास एक ग्रॅमहूनही कमी, हें खरें. पण तें पाण्यांत विरघळणाऱ्या रूपांत असतें. म्हणून दोन कांचांमध्यें थर कोंडून कडा पक्क्या बुजवितात. गारपिटीनें कांच फुटली तर मात्र खालची जमीन शेतकऱ्याचीच. राज्य सरकारच्या सौर कृषि वाहिनी योजनेंत २०२३ पासून हेक्टरीं सव्वा लाख रुपये वार्षिक भाड्यानें जमीन घेण्याची सोय आहे. अशा जमिनीवर उद्यां हीं नवीं तावदानें आलींच, तर फुटलेला व जुना झालेला माल कोणीं, किती दिवसांत उचलून न्यावयाचा, तें करारपत्रांत आधींच लिहून घ्यावें.