डास गेला, ताप उतरला, पुढे काय?

2008 सालची गोष्ट. ब्रायन फॉय हे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ सेनेगलमधील एका खेड्यात डासांचा अभ्यास करून कोलोरॅडोतील आपल्या घरी परतले आणि आजारी पडले. पुरळ, सांधेदुखी, थकवा. डासांच्या अभ्यासकाला डास चावला, यात नवल ते काय? नवल पुढेच होते. काही दिवसांनी पत्नीलाही तोच आजार झाला. त्या आफ्रिकेला गेल्या नव्हत्या. हा रोग पसरवणारे डास त्या भागात नव्हते. घरातली चारही मुले मात्र ठणठणीत!

रक्ताचे नमुने शीतपेटीत पडून राहिले. पुढे कोडे उलगडले, तो विषाणू निघाला झिका. 1947 मध्ये युगांडातील जंगलात तो प्रथम सापडला होता. पतीकडून पत्नीकडे तो शरीरसंबंधातून गेला असावा, असा निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. 2016 च्या साथीत अशी अनेक उदाहरणे समोर आली आणि शंकेला जागा उरली नाही.

झिका मुख्यतः डासांमुळेच पसरतो, हे खरे. पण रक्तातून तो लवकर नाहीसा झाला, तरी वीर्यात रेंगाळतो. संसर्गाचा धोका प्रामुख्याने पहिल्या महिन्यात असतो. विषाणूचे अंश मात्र काहींमध्ये कित्येक महिने सापडतात. म्हणूनच संसर्गानंतर पुरुषाने तीन महिने आणि स्त्रीने दोन महिने निरोध वापरावा किंवा संबंध टाळावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पत्नी गरोदर असेल, तर ही काळजी बाळंतपणापर्यंत घ्यायची. कारण गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते.

हे दूरदेशीचे दुखणे राहिलेले नाही. 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे महाराष्ट्रातील पहिला रुग्ण आढळला. 2024 मध्ये पुणे शहरात लागण झालेल्यांत गरोदर स्त्रियाही होत्या.

अडचण अशी, की बहुतेकांना लक्षणेच जाणवत नाहीत. आपल्याकडे गरोदर सुनेने पपई खाऊ नये, ग्रहण पाहू नये, हे सांगायला घरभर माणसे असतात. साथीच्या गावाहून परतलेल्या तिच्या नवऱ्याला चार शब्द सांगायला मात्र सारेच लाजतात. ही लाज डॉक्टरांनी आधी सोडायला हवी. कारण इथे पथ्य तिचे नाही, त्याचे आहे.