पुस्तक आहे का? वर्ध्याची एसटी धरण्याआधी मोबाइलवर पाहा

देवळी ते वर्धा अंतर सुमारे १८ किलोमीटर. पण संदर्भ पुस्तकासाठी विद्यार्थ्याने एसटीने वर्धा गाठायचे आणि ‘पुस्तक बाहेर गेले आहे’ हे ऐकून परतायचे, यात तिकिटाचे पैसे आणि अख्खा दिवस जातो. ग्रंथालयाची सूची आधीच मोबाइलवर पाहता आली, तर ही फेरी वाचते. बहुतेक ठिकाणी त्यासाठी ब्राउझर पुरतो. काही जुन्या यंत्रणांना मात्र ‘टर्मिनल इम्युलेशन’ सॉफ्टवेअर लागते.

टर्मिनल इम्युलेशन म्हणजे काय?

पूर्वी मोठा संगणक एकच असे आणि त्याला पडदा व कीबोर्ड असलेली अनेक टर्मिनल जोडलेली असत. टाइप केलेले मोठ्या संगणकाला पाठवायचे आणि आलेले उत्तर दाखवायचे, एवढेच टर्मिनलचे काम. डीईसी कंपनीने १९७८ मध्ये आणलेले ‘व्हीटी१००’ इतके रुळले, की पुढे तेच प्रमाण ठरले. आपल्या संगणकाला किंवा मोबाइलला अशा टर्मिनलचे सोंग घ्यायला लावणारे सॉफ्टवेअर म्हणजे टर्मिनल इम्युलेटर.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा स्वस्तातले ‘शेल अकाउंट’ अशाच पडद्यावर चाले. चित्रे नाहीत, फक्त अक्षरे. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसची सूचीही १९९३ पासून ‘टेलनेट’ने बाहेरून पाहता येई. पुढे ती जुनी यंत्रणा बंद झाली. आता ती सूची वेबवर आहे.

आधी काय तपासावे?

ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर ‘ओपॅक’ हा दुवा शोधावा. ‘सोल’, ‘ई-ग्रंथालय’, ‘कोहा’ या प्रणालींमध्ये ही सोय असते. पुस्तक उपलब्ध आहे की कुणी नेले आहे, हे तिथे कळते. कोणत्या विद्यापीठाकडे पुस्तक आहे हे पाहायचे असेल, तर इन्फ्लिबनेटची ‘इंडकॅट’ ही संयुक्त सूची मोफत आहे.

टर्मिनल लागलेच तर?

१. ग्रंथालयाकडून सर्व्हरचा पत्ता, पोर्ट क्रमांक, वापरकर्ता नाव आणि जोडणीचा प्रकार विचारून घ्यावा. टेलनेटचा नेहमीचा पोर्ट २३, तर एसएसएचचा २२.

२. अँड्रॉइडवर ‘कनेक्टबॉट’, विंडोज संगणकावर ‘पुटी’ घ्यावे. दोन्ही मोफत आहेत.

३. एसएसएचची सोय असेल तर तीच निवडावी. टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो; मधल्या जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्याला तो वाचता येतो.

४. एसएसएचने पहिल्यांदा जोडताना सर्व्हरची ओळख पटवणारा अक्षर-अंकांचा संच दिसतो. तो ग्रंथालयाकडून पडताळूनच ‘होय’ म्हणावे.

५. टर्मिनलचा प्रकार ‘व्हीटी१००’ आणि अक्षरसंच ‘यूटीएफ-८’ ठेवावा. ग्रंथालयाने वेगळे सांगितले असेल, तर त्याप्रमाणे बदलावे.

चौकटीच्या रेषांऐवजी भलतीच अक्षरे दिसली, तर अक्षरसंच किंवा टर्मिनलचा प्रकार जुळत नाही असे समजावे. मागचे अक्षर खोडताना पडद्यावर खुणा उमटल्या, तर सेटिंगमध्ये बॅकस्पेस कळीचा दुसरा पर्याय निवडावा. काम झाल्यावर नुसती खिडकी बंद न करता सूचीतला ‘बाहेर पडा’ पर्याय वापरावा.

मराठी पुस्तक सापडत नाही?

जुन्या यंत्रणांना देवनागरी कळत नाही, त्यामुळे मराठी नावे रोमन लिपीत नोंदलेली असतात. तिथे ‘च’साठी ‘सीएच’ऐवजी नुसता ‘सी’, ‘श’साठी ‘एसएच’ऐवजी खूण केलेला ‘एस’ असू शकतो. ‘श्यामची आई’ नेहमीच्या स्पेलिंगने मिळाले नाही, तर असे बदल करून पाहावे किंवा लेखकाच्या आडनावाने शोधावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सूचीत हा प्रयोग करून पाहता येतो. पीएल-४८० योजनेत भारताने घेतलेल्या अमेरिकी गव्हाच्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तके अमेरिकेच्या ग्रंथालयांसाठी खरेदी झाली. त्यात मराठीही होती.

सूचीत ‘उपलब्ध’ दिसले, तरी पुस्तकाचा वर्गांक टिपून ग्रंथालयात एक फोन करावा. पुस्तक कपाटात आहे ना, बाहेरच्या वाचकाला ते घरी नेता येईल की तिथेच बसून वाचावे लागेल, हे दोन प्रश्न विचारूनच एसटी धरावी.