उकिरड्याची दैना

बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते, अशी आपली एक जुनी म्हण आहे. लहानपणी खेड्यात मी पाहिलेल्या उकिरड्याला मात्र बारा वर्षे वाट पाहावी लागत नसे. शेण, गोठ्यातील गवतकाडी, चुलीतील राख, भाजीची देठे असे सारे घरामागच्या खड्ड्यात वर्षभर पडे आणि मृगाच्या आधी बैलगाडीतून शेतात जाई. घराने टाकलेले शेत आनंदाने घेई आणि दाण्याच्या रूपाने परत करी. शहरातील कचऱ्याचे ढीग पाहिले, म्हणजे वाटते, त्यांची दैना फिटावयास बारा तपेही पुरणार नाहीत. एकाच वस्तूची अशी दोन रूपे का व्हावीत?

या प्रश्नाचे उत्तर मला ग्रंथांत सापडण्यापूर्वी वर्गात सापडले. काही वर्षांपूर्वी सातवीतील एक हुशार मुलगी सलग चार दिवस शाळेला आली नाही. पाचव्या दिवशी कारण विचारले, तेव्हा खाली मान घालून ती म्हणाली, "सर, आईच्या हातात काच घुसली. टाके पडलेत. घरातलं सगळं मीच बघतोय." तिची आई सफाई कामगार. कोणीतरी उरलेला भात आणि फुटलेली बाटली एकाच पिशवीत बांधून टाकली होती. त्या संध्याकाळी घरी येऊन मी आमचा डबा उघडून पाहिला. केळीच्या साली आणि चहाचा चोथा यांच्यामध्ये माझ्याच दाढीचे पाते पडले होते. इतरांना बोल लावण्याची माझी इच्छा तेथेच संपली.

दोष कचऱ्याचा नाही, सरमिसळीचा आहे. भाजीपाला, शिळे अन्न, पालापाचोळा यांचे खत करणारे सूक्ष्म जीव फुकट राबतात. त्यांना हवे फक्त थोडे पाणी आणि खेळती हवा. इंदूर येथे 1924 ते 1931 या काळात सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी ही क्रिया शास्त्रशुद्ध पद्धतीत बसवली. आपल्या शेतकऱ्यांच्या परंपरागत ज्ञानाचा त्यांनी आदर केला आणि यशवंत वाड या सहकाऱ्यासह 1931 मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली. परंतु त्याच ओल्या कचऱ्यात प्लास्टिकच्या पिशव्या मिसळल्या, की हवेची वाट अडते. मग खत होत नाही, नुसती कुजण होते. तीतून दुर्गंधी सुटते, पेट घेणारा मिथेन वायू निघतो आणि काळे पाणी झिरपून विहिरींपर्यंत पोचू शकते. आपल्या देशातील शहरी कचऱ्यात ओल्याचा वाटा सर्वांत मोठा. म्हणजे जे सोने व्हावयाचे, तेच आपण विष करून टाकतो.

हे विष जाते कोठे? आपल्या बेळगावचा कचरा गेली अनेक वर्षे वेंगुर्ले रस्त्यावरील तुरमुरी येथील प्रकल्पात जातो. शहराने दार लावून घेतले, तरी खेड्याला वाऱ्यावर दार लावता येत नाही. घरात न निवडलेला कचरा यंत्रापुढे जाऊन पडला, तर उत्तमातले उत्तम यंत्रही हतबल होते, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

हाच रस्ता पुढे सीमा ओलांडून शिनोळी, चंदगड, आंबोलीमार्गे समुद्रकाठच्या वेंगुर्ल्यास पोचतो. तेथील नगरपरिषदेने 2015 नंतर, रामदास कोकरे हे मुख्याधिकारी असताना, घरोघर कचरा वेगळा करून घेण्याचा आग्रह धरला. ओल्या कचऱ्यापासून वायू आणि खत, प्लास्टिकचा चुरा डांबरी रस्त्यांसाठी, पालापाचोळ्याचे जळणाचे ठोकळे अशी प्रत्येकाची सोय लावली. नाक दाबून ओलांडावे लागे त्या कचराभूमीची बाग झाली आणि लोक ती मुद्दाम पाहावयास येऊ लागले. वेंगुर्ले लहान, बेळगाव मोठे, हे खरे. परंतु स्वयंपाकघर दोन्हीकडे सारखेच असते.

मोठ्या शहरातही हे साधते. पुण्यात 1993 मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची पंचायत उभी राहिली आणि तीतूनच पुढे 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघाली. उकिरडे धुंडाळणाऱ्या भगिनी ओळखपत्र लावून दारोदार कचरा नेऊ लागल्या. कचऱ्याची दैना फिटावयाची, तर तो उचलणाऱ्या हातांची आधी फिटली पाहिजे, हा त्यातील खरा बोध आहे.

कायद्याची उणीव नाही. अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. 2000 मध्ये देशभरासाठी नियम झाले. 2016 च्या नियमांनी तर ओला, सुका आणि घातक असा कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य नागरिकावर सोपवले. परंतु नियम उंबरठ्यापर्यंत येतो. उंबरठ्याच्या आत गृहिणीचे आणि गृहस्थाचे राज्य असते. पालिकेकडे मागणे मागावयाचे, तर ते हे, की आम्ही वेगळा करून दिलेला कचरा गाडीत पुन्हा एक होऊ नये. हे मागण्याचा अधिकार वेगळा करून देणाऱ्यालाच शोभतो.

आमच्या शाळेच्या आवारात मुलांनी दोन खड्डे खणले आहेत. एक भरतो तोवर दुसऱ्यातले खत तयार होते. प्रथम नाके मुरडणारी मुले आता ते हातात घेऊन हुंगतात; पहिल्या पावसातील मातीचा वास त्याला येतो. फुटकी काच आणि पाती यांच्यासाठी एक पत्र्याचा डबा ठेवला असून, त्यावर ठळक अक्षरांत 'जपून' असा शब्द लिहिला आहे. तो त्याच मुलीने लिहिला. आमच्या घरीही तसा एक डबा आहे.

वाचकहो, निपाणी असो, इंदूर असो वा बडोदे, आपल्या घरातून रोज सकाळी बाहेर पडणारी पिशवी कोणाच्या तरी हातात जाते. त्या हाताला घरी वाट पाहणारी लेकरे असतात, एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी उकिरड्याची दैना फिटावयास बारा वर्षे लागणार नाहीत.