दूध कां पुरत नाहीं?

बाळंतिणीला दूध पुरेसें येत नाहीं, असा बोभाटा घरांत एकदां झाला कीं त्याचें खापर बहुधा तिच्याच माथीं फुटतें. ती नीट खात नाहीं, ती चिंता फार करते, तिचें लक्षच मुलाकडे नाहीं, अशीं निदानें वडीलधाऱ्या स्त्रिया झटपट करून मोकळ्या होतात. आणि मग अळिवाची खीर व डिंकाचे लाडू यांचा मारा सुरू होतो. हेतु चांगला असतो, पण कारण न शोधतां केलेला उपाय म्हणजे अंधारांत मारलेला दगड. कित्येकदां दूध कमी येण्याचें मूळ गर्भारपणांतील अंतःस्रावांच्या, म्हणजे हार्मोनांच्या, बिघाडांत असतें. तें वेळीं ओळखलें तर पुष्कळ ठिकाणीं इलाज करतां येतो. आणि जेथें पुरता इलाज होत नाहीं, तेथेंहि मातेवरील नाहक ठपका तरी दूर होतो.

दूध तयार कसें होतें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. गर्भारपणांत इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन, प्रोलॅक्टिन, इन्शुलिन इत्यादि स्रावांच्या सहकार्यानें स्तनांतील दूधपिंडांची वाढ होते. साधारणतः पांचव्या महिन्याच्या सुमारास चीक तयार होऊं लागतो; तरी दूध भरून येत नाहीं, कारण वारेतून स्रवणारें प्रोजेस्टेरोन त्याला अडवून धरतें. बाळंतपण होऊन वार पडली कीं हा अडसर निघतो, आणि बहुतेक स्त्रियांना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान दूध उतरतें. पुढें मात्र विहिरीचा न्याय लागू पडतो. जितका उपसा होईल तितका झरा वाहतो. स्तन तुंबून राहिला कीं दुधाची निपज मंदावते.

या साखळींतील एखादा दुवा ढिला पडला तर दूध उशिरां येतें किंवा कमी येतें. गळ्यांतील थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी पडणें, हें त्याचें एक कारण. गर्भारपणांतील मधुमेह हें दुसरें. अशा स्त्रियांत दूध उतरण्यास एखादा दिवस अधिक लागूं शकतो. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनीं १९३५ सालीं वर्णिलेला अंडाशयाचा विकार, ज्यास हल्लीं पीसीओएस म्हणतात, हें तिसरें. त्यांत इन्शुलिन नीट लागू पडत नाहीं व पुरुषी स्राव वाढतात. या विकाराच्या अनेक स्त्रियांना दूध भरपूर येतें. पण कांहींच्या स्तनांत दूधपिंडांची वाढच अपुरी राहते. गर्भारपणांत स्तनांच्या आकारांत कांहींच फरक पडला नाहीं, तर ती गोष्ट डॉक्टरांना आधींच सांगावी.

आणखी दोन कारणें विरळा, पण गंभीर आहेत. वारेचा तुकडा गर्भाशयांत राहिला तर प्रोजेस्टेरोनचा अडसर कायम राहतो आणि दूध उतरत नाहीं. तो तुकडा काढल्यावर तें उतरूं लागतें. दुसरें कारण इंग्लंडांतील हॅरोल्ड शीहान या विकृतिशास्त्रज्ञानें १९३७ सालीं विशद केलें. बाळंतपणांत अतोनात रक्तस्राव झाला असतां मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्युइटरी ग्रंथि रक्ताअभावीं निकामी होऊं शकते, आणि दूध मुळींच न येणें हें त्याचें पहिलें चिन्ह असूं शकतें. फार रक्त गेलेल्या बाळंतिणीला दूध आलें नाहीं तर लाडवांवर भिस्त ठेवून बसूं नये; तिला विलंब न लावतां डॉक्टरांस दाखवावें. येथें तिच्या जिवाचाच प्रश्न असतो.

मात्र दूध खरोखर कमी आहे कीं तसें केवळ वाटतें, याची शहानिशा आधीं व्हावी. मूल वारंवार रडतें किंवा स्तन मऊ लागतात, एवढ्यावरून दूध कमी ठरत नाहीं. पांचव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळां मुलाला लघवी व्हावी, शी पिवळी व्हावी, आणि पहिल्या दिवसांत उतरलेलें वजन दहा ते चौदा दिवसांत भरून यावें. वजन शेंकडा दहाहून अधिक उतरलें, लघवी कमी झाली, किंवा मूल पिण्यासाठींहि उठेनासें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. मूल स्तनाला नीट लागत नसेल तर भरल्या स्तनापाशींहि तें उपाशी राहतें. म्हणून पाजण्याची पद्धत जाणत्या परिचारिकेनें एकदां डोळ्यांनीं पाहावी.

उपायांची दिशा दुहेरी आहे. एक, मूळ विकाराचा बंदोबस्त. थायरॉईडचें औषध पाजत्या आईला घेतां येतें; त्याची मात्रा रक्त तपासून ठरवितात. मधुमेहांत साखर ताब्यांत ठेवावी. दुसरा उपाय, उपसा वाढविणें. जन्मानंतर पहिल्या तासांतच मूल आईच्या उघड्या छातीशीं द्यावें, दिवसरात्रींत आठ ते बारा वेळां पाजावें, दोन्ही बाजू द्याव्या, आणि पाजून झाल्यावर उरलेलें दूध हातानें किंवा पंपानें काढावें. रात्रीचें पाजणें चुकवूं नये. पहिल्या दोन आठवड्यांतील हे कष्ट पुढें उपयोगीं पडतात.

खीर व लाडू यांनीं बाळंतिणीचें पोषण होतें, पण त्यांनीं दूध वाढतेंच असा भरंवसा देतां येत नाहीं. मधुमेह असलेल्या स्त्रीला गुळातुपाचे लाडू अपायकारक ठरूं शकतात, आणि मेथीनें रक्तांतील साखर उतरते. पाणी तहानेपुरतें प्यावें; अधिक प्याल्यानें दूध अधिक होत नाहीं. डोम्पेरिडोन हें औषध प्रोलॅक्टिन वाढवितें, परंतु त्यानें हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडण्याचा धोका असल्यामुळें तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये. इस्ट्रोजेन असलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या आरंभींच्या आठवड्यांत दूध घटवूं शकतात.

इतकें करूनहि कांहीं मातांना पुरतें दूध येत नाहीं. तेथें हट्टापायीं मूल उपाशी ठेवणें हा अपराध होय. आईचें दूध आधीं पाजून उणीव वाटी-चमच्यानें भरून काढावी. मध किंवा गूळपाणी मात्र तान्ह्या मुलाला देऊं नये. मधानें बाळास जीवघेणी विषबाधा होऊं शकते. अपुऱ्या दिवसांच्या व आजारी बालकांसाठीं दुसऱ्या मातांनीं दिलेलें, तपासून निर्जंतुक केलेलें दूध दुग्धपेढींतून मिळूं शकतें. अशी आशियांतील पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनीं १९८९ सालीं मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत सुरू केली. आणि आईचें दूध दिवसाकाठीं चार चमचेच निघालें, तरी रोगाशीं झुंजणारीं द्रव्यें त्यांत असतातच. तें वायां गेलें असें समजूं नये.

घरच्या माणसांचें कर्तव्य यावरून उघड होतें. मुलाचें वजन वेळेवर करवावें, बाळंतिणीच्या रक्ताची तपासणी मागून घ्यावी, आणि तिच्या अंगावरील इतर कामें आपण उचलावीं. दूध कां पुरत नाहीं, हा प्रश्न तिला विचारण्याऐवजीं डॉक्टरांना विचारावा, म्हणजे त्याचें उत्तर मिळण्याचा संभव अधिक.