हृदयपरिवर्तन नको, साक्ष द्या!

लंडनला बाबासाहेबांचे निवासस्थान पाहण्यास जाणाऱ्या बांधवांनी ओल्नी गावीही जाऊन यावे. बकिंगहॅमशायरमधील या गावच्या चर्चच्या आवारात जॉन न्यूटन याची कबर आहे. आम्ही ती पाहिली. ‘अमेझिंग ग्रेस’ हे जगप्रसिद्ध ख्रिस्ती भक्तिगीत लिहिणारा हा माणूस एकेकाळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता.

कबरीवरील मजकूर त्यानेच लिहून ठेवलेला. आपण नास्तिक व दुराचारी होतो, आफ्रिकेत गुलामांचा चाकर होतो, प्रभूने क्षमा केली, असा त्याचा आशय. माणसे विकल्याचा त्यात उल्लेखच नाही! वकील म्हणून आम्हास प्रश्न पडला, आरोपीला माफी मिळाली. पण ज्यांना साखळदंडात जखडले, त्यांना कुणी विचारले काय?

१७४८ साली समुद्रातील वादळात त्याला देव आठवला. तरी १७५४ पर्यंत धंदा चालूच! नुसत्या हृदयपरिवर्तनाने एकही बेडी तुटली नाही. न्यूटनचे मोठेपण पुढचे आहे. १७८८ साली त्याने पुस्तिका लिहून या व्यापाराचे क्रौर्य उघड केले. १७९० साली पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. १८०७ साली ब्रिटनने गुलामांच्या व्यापारावर कायद्याने बंदी घातली.

आपल्याकडे अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार फितूर होतात. गावातले सवर्ण डोळ्यांनी पाहूनही गप्प बसतात आणि जयंतीला समतेवर भाषण ठोकतात. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे : तुमचे अश्रू नकोत. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहा आणि खरे बोला!