गिगाबिटचे कार्ड घ्यावे काय?

कामगारांच्या वर्गणीतून चालणाऱ्या कचेरीत यंत्र घेताना आधी विचारावे लागते, यामुळे कोणाचा किती वेळ वाचणार? जुन्या संगणकांना तारेने एकमेकांशी जोडण्यासाठी गिगाबिट इथरनेटची कार्डे बसवावीत काय, हा प्रश्नही आम्ही याच कसोटीला लावतो.

तांब्याच्या नेहमीच्या केबलवरून सेकंदाला हजार मेगाबिट नेण्याचे मानक १९९९ साली ठरले. त्याआधीची प्रचलित कार्डे शंभर मेगाबिटची. वेग दसपट, असे दुकानदार सांगतो आणि ते खोटे नाही. परंतु पगारपत्रकावरचा आकडा वेगळा आणि हातात पडणारी रक्कम वेगळी, तसेच हे आहे. फाइल मोजतात बाइटात, एका बाइटात बिट आठ; म्हणजे सेकंदाला फार तर १२५ मेगाबाइट. जुन्या यंत्रातील पीसीआयचा मार्ग सर्व कार्डांना मिळून सुमारे १३३ मेगाबाइटांचा. चाळीतल्या एका नळावर सगळ्यांच्या घागरी! आणि डिस्क पन्नासच मेगाबाइट लिहीत असेल, तर कार्ड तिची वाट पाहत बसणार.

तरीही हिशेब करून पाहू. दहा हजार मेगाबाइटांची फाइल शंभरच्या कार्डावरून जाण्यास तेरा मिनिटांहून अधिक लागतात. त्या मंद डिस्कसकट गिगाबिटवर सव्वातीन-साडेतीन. अशा चित्रफिती दिवसातून दहा वेळा हलवणाऱ्या माणसाची शंभर मिनिटे वाचली. तेथे कार्ड अवश्य घ्यावे. मात्र त्या शंभर मिनिटांत नवे काम कोंबले जाणार काय, हे मालकाशी त्याच दिवशी बोलून घ्यावे.

जेथे पत्रे आणि पावत्याच लिहायच्या, आणि बाहेरचे इंटरनेट पन्नास मेगाबिटचे, तेथे फरक दिसणारही नाही. रात्री आपोआप निघणाऱ्या नकलेसाठीही हा खर्च नको. तेव्हा कोणी खोळंबलेले नसते.

खरी कटकट केबलमध्ये. शंभरच्या जोडणीला तारांच्या चारांपैकी दोनच जोड्या पुरतात, म्हणून कित्येक ठिकाणी काटकसरीने उरलेल्या दोन जोड्यांवर दुसरा संगणक चालवलेला असतो. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. तेथे नवी केबल ओढणे आलेच. कार्डाचा ड्रायव्हर आपल्या प्रणालीवर चालतो की नाही, तेही पैसे मोजण्याआधी विचारावे.

आणि दुकानाची पायरी चढण्यापूर्वी संगणकाची माहिती नीट पाहावी. गेल्या पंधरा वर्षांतील बहुतेक टेबलावरच्या संगणकांत गिगाबिटची सोय मुळातच असते. कोपऱ्यातला शंभरचा जुना स्विच तेवढा बदलावा लागतो.