पिस्तुलाचा ट्रिगर हलका करून घ्यायचा का?

मी सिलतऱ्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यात आहे आणि मुलगी 10 मीटर एअर पिस्तूल खेळते. तिचे छर्रे सारखे डावीकडे खाली लागायला लागले. कारागीर म्हणाला, ‘ट्रिगर जड आहे, 6,000 रुपयांत हलका करून देतो.’ मी पैसे काढलेसुद्धा होते!

पण आधी वजन पाहिलं. या प्रकारात ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो. राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं त्या 25 मीटर पिस्तुलात 1,000 ग्रॅमचा. तपासायचं कसं? छर्रा न घालता पिस्तूल कॉक करा, नळी सरळ वर धरा, ट्रिगरला वजन अडकवून अलगद उचला. बार सुटला नाही तर पास. आमचं 500 ला सुटलं नाही, वर 20 ग्रॅम टाकताच सुटलं. म्हणजे हलकं करायला जागाच नव्हती! आणखी घासलं असतं तर तपासणीतच पिस्तूल नापास.

मग पांढऱ्या भिंतीसमोर ड्राय फायर केलं. दाबताना पुढची माशी डावीकडे ढकलली जात होती. बोट आखूड, ट्रिगर लांब. स्क्रू सैल करून ट्रिगर पकडीकडे घेतला, झालं.

स्क्रूला हात न लावता वजन दर वेळी वेगळं येत असेल, तर मात्र कारागिराला पैसे द्या. काडतुसाचं पिस्तूल असेल तर परवानाधारकाकडेच जा. 1959 च्या शस्त्र कायद्यात दुरुस्तीलाही परवाना लागतो.

आमच्या 6,000 चे छर्रे आले.